चारचौघांत बोलायला कशी शिकले

घरात, वावरात, हापशीवर बोलायला आमच्या गावातली कोणतीच बाई कमी नाही. माझ्या सासूबाई बांधावर उभ्या राहून हाक मारतात ती नाल्याच्या पलीकडं ऐकू जाते. पण त्याच बाया ग्रामसभेत बसल्या की पदर तोंडाशी, नजर जमिनीकडं, आणि कोणी काही विचारलंच तर शेजारणीला कोपर मारून "तू सांग न वं" एवढंच. मी पण त्यातलीच. आता मी बैठका घेते, माईक हातात धरते, बाप्यांच्या घोळक्यात उभी राहून फवारणीवर बोलते, तर अधूनमधून कोणी ना कोणी विचारतंच की कोणता कोर्स केला, यूट्यूबवर कोणाचे व्हिडिओ पाहिले. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकते, जसं आठवेल तसं.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, घाटंजीकडची. कापूस, तूर, सोयाबीन, ओलित फार थोड्यांकडं. आमचा बचत गट उमेदमधला, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानातला. उमेदमध्ये गावोगावी कृषी सखी असते, म्हणजे गटातल्याच एका बाईनं ट्रेनिंग घेऊन बाकीच्यांना शेतीचं सांगायचं, सापळे लावून दाखवायचे, अर्क करून दाखवायचा. गटातल्या बायांनी माझं नाव देऊन टाकलं कारण मी बारावी झालेली आणि माझ्याकडं टच मोबाईल. बोलता येते का हे कोणी विचारलंच नाही, आणि मला पण तेव्हा सुचलं नाही की या कामात निम्मं काम बोलायचंच आहे.

गटात बोलायला अडचण नव्हती. दहा-बारा बाया, सगळ्या ओळखीच्या, आठवड्याची बैठक, बचत गोळा करा, कर्जाचं ठरवा, वही लिहा, तिथं मी सगळ्यात जास्त बडबड करणारी. गाडी अडायची ती बाप्ये आले की. त्यातही परके परवडले, घरचे नको. भासरे, म्हणजे मोठे दीर, समोर दिसले की माझा हात आपोआप पदराकडं जायचा आणि आवाज गळ्यातच राहायचा. कान गरम व्हायचे, तोंडाला कोरड, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जे पाठ केलं असायचं त्याचं पहिलंच वाक्य गायब. सुरुवातीला एका बैठकीत मी उभी राहिले, "आज आपण" एवढं म्हटलं, आणि पुढं काहीच नाही. लोक वाट पाहून राह्यले. शेवटी एक म्हातारबा म्हणाले, "बस बाप्पा पोरी, चहा येऊ दे आधी." सगळे हसले, मी पण हसले, आणि ती बैठक तशीच चहावर संपली.

मग तालुक्याला ट्रेनिंग झालं. त्यात शेतीचं जास्त होतं, बोलायचं थोडंच, पण जे होतं ते कामाचं. मॅडमनं प्रत्येकीला उभं राहून नाव आणि गाव सांगायला लावलं, आणि मागच्या भिंतीला टेकून एक बाई उभी केली, तिला ऐकू आलं तर तिनं हात वर करायचा. माझ्या वेळी तिचा हात काही वर जाईना. पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. मॅडम म्हणाल्या ओरडू नको, श्वास पोटात घे आणि तिच्याशी बोल, आमच्याशी नको. तेव्हा कुठं हात वर गेला. छोटीशी गोष्ट, पण मला तिथं पहिल्यांदा कळलं की आपला आवाज कुठपर्यंत जातो हे आपल्याला आतून कळतच नाही, समोरच्यालाच विचारावं लागते.

दुसरं त्यांनी जे केलं ते मी आजही नव्या पोरींना करायला लावते. प्रत्येकीनं उभं राहून एक स्वयंपाकातली वस्तू कशी करायची ते सांगायचं. मी रोडगे सांगितले. कणिक कशी घट्ट मळायची, पुऱ्यांचे थर एकावर एक कसे ठेवायचे, मधी तेलाचं बोट, मग गोळा बंद करून गोवऱ्यांच्या आरात कसा टाकायचा, किती वेळानं पलटायचा, आणि सोबत वांग्याची भाजी कशी पाहिजे. माझे हात आपोआप चालू झाले, मळण्याचे, थर लावण्याचे, राख झटकण्याचे. कोणीतरी मधीच म्हणालं आमच्याकडं तेल नाही लावत तूप लावतो, तर मी तिच्याशी भांडले पण. बसल्यावर मॅडम म्हणाल्या, किती वेळ बोलली माहीत आहे का? मला वाटलं दोन मिनिटं असतील. बरीच जास्त झाली होती. आणि मग म्हणाल्या, आता हेच निंबोळी अर्काचं सांग. तोही स्वयंपाकच आहे, चुलीवरचा नाही एवढंच.

खरंच तसंच आहे की. पाच टक्क्यांचा अर्क करायचा तर 5 किलो वाळलेल्या निंबोळ्या, त्या कुटायच्या, 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायच्या. वेगळ्या भांड्यात 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा. सकाळी निंबोळीचं पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं, साबणाचं पाणी त्यात टाकायचं, सगळं मिळून 10 लिटर करायचं आणि मग त्यात 90 लिटर साधं पाणी. झाला शंभर लिटर. यात पाठ करण्यासारखं काय आहे? एकदा हातानं केलं की तोंडातून आपोआप निघते. पण ट्रेनिंगच्या आधी मी हेच पुस्तकी भाषेत लिहून पाठ करायची, "सदर द्रावण रात्रभर भिजत ठेवावे" असं, आणि ते सदर म्हणताना जीभ अडकली की पुढचं सगळं जायचं.

घरी प्रॅक्टिस करायला जागा नाही. एका खोलीत पोरं, एका खोलीत मामंजी आणि टीव्ही. आरशासमोर उभं राहून बोला म्हणतात, आमचा आरसा तोंडाएवढाच आहे आणि तो मोरीजवळ लावलेला, तिथं उभी राहून बोलायला लागले तर सासूबाईंनी विचारलं असतं की अंगात आलं का. म्हणून मी वावरात प्रॅक्टिस केली. कापूस वेचताना प्रत्येक बाई आपापल्या तासावर, म्हणजे कापसाच्या ओळीवर असते, मधी चार-पाच तासांचं अंतर, तेव्हा शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं बोलायचं. वाकून वेचताना बोललं की श्वास पुरत नाही, म्हणून मी ओटीत कापूस टाकायला सरळ झाले की तेवढ्यात एक वाक्य बोलायची. त्यानं एक सवय लागली ती अजून आहे, वाक्य लहान आणि मधी थांबा. बाया आधी खिदळायच्या, "भाषणवाली आली" म्हणायच्या, मग हळूहळू ऐकायला लागल्या, मग उलट प्रश्न विचारायला लागल्या, आणि वावरात विचारलेला प्रश्न हा बैठकीतल्या प्रश्नापेक्षा जास्त अवघड असतो, कारण बाई खोटं मान हलवत नाही.

मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकायचं हे पण केलं. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तर वाटलं ही कोण बाई, किती चिरकी. दर दुसऱ्या वाक्याला "म्हणजे". आणि स्पीड तर विचारू नका, बस सुटून राह्यली आणि मला चढायचं आहे असं बोलणं. "म्हणजे" बंद करायचा एकच उपाय मला सापडला, तो शब्द तोंडावर आला की तोंड मिटायचं. त्या जागी गप राहायचं. बोलणाऱ्याला ते गप राहणं फार लांब वाटते, ऐकणाऱ्याला कळत पण नाही, हे रेकॉर्डिंग ऐकूनच पटलं. मला वाटलेलं की मी तिथं केवढी वेळ थांबली, आणि ऐकलं तर जेमतेम एक श्वास.

आणखी एक जागा मिळाली ती प्रार्थनेची. विदर्भात बऱ्याच गावांत गुरुदेव सेवा मंडळ असते, तुकडोजी महाराजांचं. आमच्या गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरीवर भजन, आणि मग कोणीतरी ग्रामगीतेच्या काही ओव्या वाचून दाखवते. 41 अध्याय आहेत तिचे, त्यामुळं वाचायला काही कमी पडत नाही. मंडळाच्या काकांना मी विचारलं मी वाचू का, तर ते म्हणाले वाच न, आमचे डोळे गेले आता. तिथं फायदा असा की शब्द आपले नसतात, पुस्तक हातात असते, नजर खाली ठेवायला कारण असते, फक्त आवाज आपला. भासरे तिथं रोज बसतात. त्यांच्यासमोर माझा आवाज पहिल्यांदा निघाला तो तिथं, आणि तेही डोळे मिटून बसलेले असायचे, त्यामुळं अर्धं काम सोपं. काही दिवसांनी वाचून झाल्यावर मी एक-दोन वाक्यं आपल्या मनानं बोलायला लागले, याचा अर्थ मला असा लागला वगैरे. कोणी काही बोललं नाही. आमच्याकडं कोणी काही बोललं नाही म्हणजे बरं चाललं समजायचं.

पण खरं शिकवलं ते माझ्या आज्यानं, माझ्या आईच्या वडलांनी. ते अमरावतीकडचे. त्यांनी लहानपणी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेलं. गाडगेबाबा त्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे, 1876 चा जन्म, आणि 1956 मध्ये वलगावजवळ गेले. आजा सांगायचा की बाबा सांगायचेच नाही, बाबा विचारायचे. दगडाच्या देवाला निवद दाखवला आणि कुत्रं येऊन तंगडी वर करून गेलं तर देवानं त्याले हाकललं का, असं विचारायचे आणि लोकांकडूनच "नाई" म्हणवून घ्यायचे. सगळी सभा उत्तरं देत राहायची. आणि बोली आपली, वऱ्हाडी. मी माहेरी गेले तेव्हा आज्याला म्हटलं आबाजी, मले बैठकीत बोलता येत नाही. तर म्हणे, "तुले कोनं सांगतलं बोलायले? इचार त्याईले. माणसाले आपलं सांगायची भल्ली हौस रायते."

हे मी डोक्यात ठेवलं आणि ऑगस्टमध्ये, कपाशीला फुलं लागली तेव्हा, पारावर बैठक घेतली. संध्याकाळची वेळ, मारुतीच्या देवळासमोर, बल्ब एकच. मी भाषण काही नेलं नाही. एका पिशवीत डोमकळ्या नेल्या, आणि एक ब्लेड. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, गुलाबी बोंडअळीची बारीक अळी फुलात शिरली की पाकळ्या आतून जाळ्यानं शिवून टाकते, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीवानी दिसते, ती डोमकळी. बाहेरून पाहिलं तर वाटते कळी आहे, उद्या उमलेल. मी एक डोमकळी हातात घेतली आणि पहिल्या ओळीतल्या काकांना विचारलं, "काका, ही कळी हाय का फूल?" ते म्हणाले कळी. मी ती त्यांच्याच हातात दिली आणि म्हटलं उघडून पाहा. त्यांनी पाकळ्या सोडवल्या आणि आत ती अळी. त्यांनी पटकन हात झटकला, बाजूचे वाकून पाहायला लागले, मागचे उठून पुढं आले, आणि माझ्याकडं कोणाचंच लक्ष नाही! सगळे त्या फुलाकडं पाहून राह्यले. मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. मी तिथंच उभी, पण मला कोणी बघतच नाहीये, आणि बोलणं आपोआप निघून राह्यलं.

एक जण होतेच, प्रत्येक गावात असतात, मोठे शेतकरी, त्यांनी मागून आवाज दिला, "आमाले शिकोते का वं तू? आमच्या तीन पिढ्या गेल्या कापसात." आधी असतं तर मी तिथंच रडले असते. मी म्हटलं, "नाई काका, तुम्हीच सांगा, मांगच्या वर्षी तुमच्या वावरात डोमकळी पहिल्यांदा कधी दिसली?" मग काय, ते जे सुरू झाले. कोणत्या वाणाला आधी दिसली, कोणत्या औषधाला किती पैसे गेले, फरदड ठेवलेल्या (हंगाम संपला तरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, न उपटलेल्या) वावराच्या बाजूला जास्त होती, सगळं. त्यांनीच माझं निम्मं भाषण करून टाकलं, मला फक्त शेवटी म्हणायचं राहिलं की काका म्हणतात ते बरोबर हाय, फरदड ठेवली की अळीला उन्हाळाभर खायला भेटते, म्हणून डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची. ते माझ्या बाजूचेच झाले. आबाजीची युक्ती इतकी कामाला येईल असं मला पण वाटलं नव्हतं.

त्यानंतरच्या बैठकीला मी सगळ्यांना सांगितलं की येताना आपल्या एका एकरातून 20 हिरवी बोंडं तोडून आणा, अशीच, न निवडता. आणली. पारावर पोतं अंथरलं, प्रत्येकाला ब्लेड, चिरा म्हटलं. बाहेरून बोंड एकदम चांगलं, टणक, भोक पण दिसत नाही, कारण अळी लहान असताना शिरते आणि ते भोक बुजून जाते. आत सरकी पोखरलेली, कापूस पिवळा. वीसात दोन निघाली तर फवारायची वेळ झाली, हा हिशोब. आणि कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाच्या गोळीनं नर पतंग पकडायचा सापळा, लावला असेल, एकरी 2 लावायचे, तर त्यात रात्रीला 8 पतंग, सलग तीन रात्री दिसले तरी फवारायची वेळ झाली. हे आकडे मी आधी पाठ करून करून विसरायची. बोंडं चिरताना माझ्या तोंडातून एकदा पण चुकले नाही, कारण समोर पोत्यावर मोजूनच राह्यले होते सगळे. माझं मत असं झालंय की हातात वस्तू दिल्याशिवाय बैठक घेऊच नये. बोलणाऱ्याचे हात पण कुठंतरी लागतात आणि ऐकणाऱ्याचे पण.

आता ग्रामसभेचं. ग्रामसभा म्हणजे वेगळंच प्रकरण, तिथं माईक असतो. आमच्याकडं 2 ऑक्टोबरची ग्रामसभा बऱ्यापैकी भरते. कायद्यानं आधी महिलांची वेगळी सभा व्हायला पाहिजे आणि तिथं ठरलेलं मोठ्या सभेत मांडायचं असते. कोरम 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. महिला सभेत ठरलं की फवारणीच्या विषयावर मी बोलायचं, कारण त्या सीझनमध्ये पण पोरं उघड्या अंगानं फवारत होती.

माईकबद्दल मला कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. मंडपवाल्याचा सेट, दांडा बाप्यांच्या उंचीचा, खाली करायची चावी गंजलेली. माझ्या आधी दोन जण बोलून गेले, माझ्या तोंडाच्या वीतभर वर माईक. मी टाचा उंच करून बोलायला लागले तर मागून पोरं हसली. मग मी माईक दांड्यावरून काढला आणि हातात घेतला, तर असा काही कर्कश शिट्टीसारखा आवाज झाला की सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मंडपवाल्या पोरानं येऊन सांगितलं, ताई, माईक स्पीकरच्या बॉक्सच्या समोर धरू नका, बॉक्सच्या मागं उभ्या राहा. एवढीच गोष्ट. आता मी कुठं पण गेले की आधी बॉक्स कुठं आहे ते पाहते, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मंडपवाल्याशी बोलते, माईक हनुवटीच्या जरा खाली, चार बोटांवर धरते, एकदा "हॅलो" न म्हणता माझं पहिलं वाक्यच बोलून पाहते. दुसरं म्हणजे माईकमधून स्वतःचा आवाज उशिरा परत येतो, त्यानं गोंधळायला होते. त्याला इलाज हळू बोलण्याचाच.

त्या दिवशी मी ते सगळ्या नावांचं सुरुवातीचं केलंच नाही. सन्माननीय व्यासपीठ, अमुकचे अध्यक्ष, तमुकचे उपाध्यक्ष, त्यातच माणसाची अर्धी हिंमत संपते. मी म्हटलं "सगळ्याईले नमस्कार, 2017 कोणाकोणाले आठवते?" आणि थांबले.

यवतमाळ जिल्ह्यात हा आकडा म्हटला की समजावून सांगावं लागत नाही. त्या वर्षी कापसावर फवारता फवारता विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, कितीतरी जण दवाखान्यात होते. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, दमट हवा, दोन-तीन औषधं एकत्र करून पंपात घातलेली. माझ्या माहेरच्या गल्लीतला एक पोरगा तेव्हा भरती होता, त्याला काही दिवस नीट दिसत नव्हतं, तो वाचला. त्याचं सांगताना माझा आवाज कापला. मी तो लपवायला गेले नाही, श्वास सोडला लांब, आणि पुढं बोलले. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, औषधं एकात एक मिसळू नका, पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला मास्क, हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका. शेवटचं म्हटल्यावर निम्मे हसले, कारण निम्म्यांच्या हातात तेव्हा तंबाखूच होता. पण ऐकत होते. एक जण उठून म्हणाला की मजुरांना मास्क आणि हातमोजे मालकानं द्यावे हे ठरावात घ्या, आणि त्यावर जी चर्चा पेटली ती माझ्या बोलण्यापेक्षा जास्त वेळ चालली. ठराव झाला. सगळे पाळतात असं नाही म्हणणार, पण झाला.

आवाज कापतो तो लोकांना आपल्याला वाटते तेवढा ऐकू येत नाही, हे पण कळलं. घरी आल्यावर मी जाऊबाईंना विचारलं, माझा आवाज किती कापत होता न? त्या म्हणाल्या, कधी? तुझ्या पदरावर हळद सांडलेली होती तेवढी दिसली.

लोकांनी सल्ले खूप दिले, त्यातले बरेच माझ्या कामाचे निघाले नाहीत. एकानं सांगितलं की लोकांच्या डोळ्यात न पाहता डोक्याच्या वरून मागं पाहा. मी एकदा केलं तर पुढचे चार जण वळून मागं पाहायला लागले की तिकडं काय आहे. समोर कोणीच नाही असं समज, हे पण एक. समोर अख्खं गाव बसलंय, त्यात ज्याचे पैसे देणं आहे तो पण बसलाय, कसं समजू? मी उलट करते, एक चेहरा शोधते जो मान हलवतोय, बहुतेक एखादी म्हातारी असते, तिच्याशी दोन वाक्यं बोलते, मग दुसरीकडं जाते. उपाशी पोटी बोलायचं नाही, हे मात्र पक्कं. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकवून उभं राहायचं, एका पायावर भार दिला की मी डोलायला लागते. आणि उभं राहायच्या आधी श्वास घ्यायचा त्यापेक्षा सोडायचा लांब, दोन-तीनदा, त्यानं छाती जरा शांत होते. चिठ्ठीवर चार शब्द फक्त. वाक्यं लिहिली की नजर कागदात अडकते. पहिलं वाक्य तेवढं पाठ, तेही प्रश्नाचं.

भासऱ्यांचं सांगायचं राहिलं. ते बोलले काहीच नाही. एवढंच की त्यानंतरच्या बैठकीला त्यांनी स्वतः वावरातून बोंडं तोडून आणली आणि माझ्यासमोर पोत्यावर टाकली. मी पदर घेतलेला होता, अजूनही घेते, त्याचं मला काही वाटत नाही. पदर घेऊन पण मोठ्यानं बोलता येते.

आता अवघड जाते ते साहेब लोकांसमोर. तालुक्याच्या मेळाव्यात पुढच्या रांगेत खुर्च्यांवर अधिकारी बसलेले, इस्त्रीचे कपडे, मोबाईलमध्ये मान घातलेली. तिथं विचारलेल्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही, माझी युक्ती तिथं फसते. मग मी खुर्च्या सोडून देते आणि मागं सतरंजीवर बसलेल्या बायांना विचारते, त्या बोलतात, आणि त्या बोलल्या की साहेब लोक मान वर करून पाहतात कोण बोललं म्हणून.

अशाच एका मेळाव्यात एका शेतकऱ्यानं विचारलं की कपाशीतला कामगंध सापळा तुरीत नेऊन लावला तर चालते का. मला माहीत नव्हतं. म्हटलं, "मले हे माहीत नाई भाऊ, इचारून सांगतो." कोणी हसलं नाही. कृषी विज्ञान केंद्रात फोन करून विचारलं, तर सापळा तोच चालतो पण आतली गोळी बदलावी लागते, बोंडअळीची ल्युर वेगळी आणि तुरीवरच्या घाटेअळीची वेगळी, त्या त्या अळीचेच पतंग त्या वासाला येतात. पुढच्या बैठकीची सुरुवात मी त्याच उत्तरानं केली आणि ज्यांनी विचारलं होतं त्या भाऊंना फोन करून पण सांगितलं. तेव्हापासून माहीत नसलेल्या प्रश्नाची धास्ती वाटत नाही, पुढच्या बैठकीला सुरुवात फुकटात मिळते.

बाजूच्या गावात नवीन सखी झाली आहे, ती माझ्यासोबत बैठकींना येऊन बसते. तिला मी आधी रोडगेच सांगायला लावले, तिनं पातोडीची भाजी सांगते म्हटलं, चालेल म्हटलं. दोन वाक्यांत अडकली, मग तिथं बसलेल्या एका म्हातारीनं टोकलं की वं बेसन आधी शिजवते का नंतर, आणि मग तिची गाडी जी सुटली ती थांबवावी लागली. ग्रामसभेत माईक घ्यायला ती अजून तयार नाही. मी पण घाई करत नाही, आधी वेचणीचा हंगाम येऊ दे, मग बोलते म्हटलं तिला, शेवटच्या तासावर मी उभी राहते.

सगळे समजतात की आता मी काही पण बोलू शकते. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन कर म्हणाले, ते केलं, बरं झालं. पण आभार प्रदर्शन मी घेत नाही, कोणी कितीही आग्रह करू द्या. त्या यादीत एक तरी नाव सुटतेच, आणि ज्याचं सुटलं त्याच्या घरची बाई मग वर्षभर हापशीवर तोंड फिरवून पाणी भरते.